पैज : एकाच्या हातात रॅकेट, दुसऱ्याच्या हातात नुसता चेंडू. कोण जिंकेल?

चिंचेचा_कोळ | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, आमच्या सोसायटीत एक भलतीच पैज लागली आहे. तुमचं मत हवंय.

सोसायटीला एकच टेनिस कोर्ट. सकाळी सहा ते आठ ते काकांचं. वय ५४, बँकेतून व्हीआरएस, तीस वर्षं टेनिस. सर्व्हिस काही तोफ नाही, पण चेंडू कुठे टाकायचा ते पक्कं ठाऊक. बॅकहँडचा स्लाइस असा की चेंडू टप्पा पडल्यावर उसळायचं विसरूनच जातो.

दुसरा बंड्या. वय २४, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा गाजवणारा. सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर फेक. जन्मात रॅकेट धरलेली नाही.

परवा चहाच्या टपरीवर बंड्या म्हणाला, "काका, तुमच्या खेळात रॅकेटची गरजच काय? मी चेंडू झेलतो आणि फेकतो. एक सेट हरवून दाखवतो." काका तीन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून दे."

नियम ठरले ते असे :
काका नेहमीसारखे रॅकेटने खेळणार. बंड्याने चेंडू थेट किंवा एका टप्प्यात झेलायचा, कुठल्याही हाताने. झेलला तिथूनच फेकायचा, फार तर एक पाऊल. हातात दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. झेल सुटला की पॉइंट गेला. बंड्याची सर्व्हिस म्हणजे बेसलाइनच्या मागून फेक, काकांसारख्याच दोन संधी. एक सेट.

हरणाऱ्याने पावसाळाभर रोज सकाळी पावणेसहाला कोर्टावरचं पाणी वायपरने काढायचं. सामना येत्या रविवारी, पाऊस नसेल तर. सांगा, कोण?

टवाळ_कार्टा | सोमवार, रात्री १०:१९

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न गॅसवर ठेवलंय.

बेसलाइनवाला | सोमवार, रात्री १०:४०

काका. प्रश्नच नाही. ६-१.

नियमांच्या पुस्तकातला नियम २४ वाचा. चेंडू अंगाला किंवा कपड्याला लागला तरी पॉइंट जातो, रॅकेटवर मुद्दाम झेलून धरला तरी जातो. म्हणजे बंड्या प्रत्येक फटक्याला नियम मोडणार आणि आपण त्याला खेळ म्हणणार. हे टेनिस नाही, सर्कस आहे. पण सर्कशीतही काकाच जिंकतील.

अर्धवट_पदार्थवैज्ञानिक | सोमवार, रात्री ११:२५

बेसलाइनवाला, इतके निश्चिंत होऊ नका. जरा गणित मांडू.

कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. म्हणजे बेसलाइन ते नेट ११.८८ मीटर आणि थोडं. नेट मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर. समजा बंड्या २ मीटर उंचीवरून ताशी ९० किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने, अगदी आडवा फेकतो. चेंडू नेटपाशी पोचायला ०.४८ सेकंद. तेवढ्यात तो १.१ मीटर खाली येतो. म्हणजे नेटजवळ उंची साधारण ९० सेंटीमीटर. थोडक्यात, नेटच्या वरच्या पट्टीलाच आपटला! हवेचा विरोध धरला तर त्याहून खाली.

म्हणून त्याला किंचित वर फेकावं लागेल. तेही जमण्यासारखं आहे, टप्पा कोर्टातच पडतो. पण यापेक्षा हळू फेकलं तर कमान घ्यावी लागते, आणि कमानीचा चेंडू म्हणजे काकांना आमंत्रण. शिवाय टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, अंगावर लव. हवा त्याला खाते. मोठ्या खेळाडूच्या सर्व्हिसचा वेगसुद्धा समोरच्यापर्यंत जाईतो निम्म्याच्या आसपास येतो.

तरी बंड्याकडे एक मोठी गोष्ट आहे. रॅकेटवाल्याला येणारा चेंडू वळवावा लागतो, त्याचा वेग, त्याची फिरकी सगळं सांभाळून. बंड्याच्या हातात चेंडू थांबतो. काकांचा तो स्लाइस झेलला की संपला.

टवाळ_कार्टा | सोमवार, रात्री ११:३१

बारावीत एवढा अभ्यास केला असता तर आज मीही अर्धवट झालो असतो.

मालूताई | मंगळवार, सकाळी ७:०५

मी टेनिस कधी खेळले नाही. पण शाळेपासून रिंग टेनिस खेळलेय, टेनिकोईट म्हणा हवं तर. आंतरशालेय स्पर्धेपर्यंत गेले होते. हा सामना मला टेनिसपेक्षा त्याच्याच जवळचा वाटतोय, कारण एक बाजू झेलणार आणि फेकणार.

आमच्यात सर्वात मोठा नियम हा की रिंग झेलली की एका ओघात परत गेली पाहिजे. धरून उभं राहायचं नाही, हूल द्यायची नाही. हा नियम का आहे ते खेळल्याशिवाय कळत नाही. धरून थांबायची मुभा दिली तर समोरचीचा जीव जातो. ती डावीकडे झुकली की उजवीकडे टाकायचं, मागे सरकली की नेटपाशी सोडायचं. तुमच्या बंड्याला दोन सेकंद दिलेत. दोन सेकंद! एवढ्यात आमची तरबेज खेळाडू समोरचीला दोनदा नाचवायची.

ही अट ज्याने मान्य केली त्या काकांनी वायपर आजच बघून ठेवावा.

पण काकांना एक सांगा. झेलणाऱ्याला जोरात मारून उपयोग नाही, जोराचं त्याला काही वाटत नाही, सवय असते. त्याला मागे ढकला. उंच, खोल. आम्ही दमलेल्या मुलीला हेच करायचो.

बेसलाइनवाला | मंगळवार, सकाळी ९:१४

मालूताई, रिंग रबराची आणि हळू येते हो. टेनिसचा फोरहँड हाताने झेलायचा म्हणजे काय ते एकदा कोर्टावर या, दाखवतो.

मालूताई | मंगळवार, सकाळी ९:२०

रिंग बोटावर बसली की कशी वाटते ते मीही दाखवते. करंगळी अजून वाकडी आहे.

जुनी_बखर | मंगळवार, दुपारी १:४८

बेसलाइनवाला यांनी "हे टेनिस नाही" म्हटलंय त्याला माझा सविनय निषेध. रॅकेट विरुद्ध हात ही लढत तुमच्या लॉन टेनिसपेक्षा साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

१५०६ सालच्या सुरुवातीची गोष्ट. कॅस्टीलचा राजा फिलिप फ्लँडर्सहून समुद्रमार्गे स्पेनला निघाला होता. खाडीत वादळ झालं, जहाजं पांगली आणि हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागला. सातव्या हेन्रीने त्याला विंडसरला नेलं. पाहुणचार असा की करारावर सह्या झाल्याशिवाय पाहुण्याची सुटका नाही. या मुक्कामात दोघे राजे टेनिस बघायला गेले. फिलिपला राहवेना, तो स्वतः उतरला. समोर इंग्लिश सरदार, मार्क्विस ऑफ डॉर्सेट. त्या वेळच्या वृत्तांतात स्पष्ट नोंद आहे की फिलिप रॅकेटने खेळला आणि म्हणून त्याने मार्क्विसला पंधराची सूट दिली. मार्क्विस हाताने खेळत होता, असाच याचा अर्थ लावतात.

म्हणजे प्रत्येक गेम हातवाल्यासाठी १५-० पासून सुरू. रॅकेटचा फायदा बरोबर एक पॉइंट, असा भाव तेव्हाच्या दरबारी मंडळींनी काढला होता!

आणखी मागे जायचं तर १४२७. पॅरिसमधल्या एका अनाम माणसाच्या रोजनिशीत मार्गो नावाच्या, एनो प्रांतातून आलेल्या २८-३० वर्षांच्या बाईची नोंद आहे. ती हाताने खेळायची, पुढच्या हाताने आणि मागच्या हातानेही, आणि तगडे पुरुष सोडले तर तिच्यापुढे कोणी टिकत नसे. फ्रेंचांनी या खेळाला नावच दिलं होतं ‘तळहाताचा खेळ’. रॅकेट नंतर आली.

(फिलिप त्याच वर्षी सप्टेंबरात स्पेनमध्ये वारला. चेंडूचा खेळ खेळून घामेजलेला असताना गार पाणी प्यायला आणि तापाने गेला, अशी कथा आहे. काकांना म्हणावं पाणी माठातलं नको.)

टवाळ_कार्टा | मंगळवार, दुपारी २:०२

दंडवत घ्या. वाचनखूण साठवली. पण बखरकर, मार्क्विस चेंडू मारत होता, बंड्या फेकणार आहे. पंधराची सूट उलटी द्यावी लागेल का?

जुनी_बखर | मंगळवार, दुपारी २:१०

खरा मुद्दा तोच. झेलायची मुभा पंधराच्या सवलतीपेक्षा जड आहे. मालूताईंच्या बाजूने माझं मत.

एडिसनचा_आबा | बुधवार, पहाटे ५:३३

न्यू जर्सीहून. माझा भाचा हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आहे. त्याला हा धागा वाचून दाखवला, तर म्हणाला, "मामा, मी खेळतो." मी म्हटलं आधी गवत काप.

वेगाचं बोलायचं तर बेसबॉलमधली नोंदलेली सर्वात वेगवान फेक अरोल्डिस चॅपमनची, २०१० सालची, १०५.८ मैल म्हणजे ताशी १७० किमी. क्रिकेटमध्ये शोएब अख्तर, २००३ च्या विश्वचषकात १६१.३. आणि टेनिसची सर्व्हिस? सॅम ग्रोथने २०१२ मध्ये २६३ मारली होती. म्हणजे जगातला सर्वात वेगवान हातसुद्धा रॅकेटच्या मागे ९०-९५ किमीने आहे. रॅकेट म्हणजे लांब केलेला हातच की शेवटी.

आता भाचा काय म्हणाला ते. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. टेनिसचा चेंडू त्याच्या निम्म्याहूनही कमी. हलका चेंडू जीव खाऊन फेकला की हात ‘रिकामा’ जातो आणि खांदा दुखतो. घरामागे आम्ही पन्नास फेकी करून पाहिल्या. चाळिसाव्याला तो खांदा चोळायला लागला. १७ वर्षांचा आहे.

फिजिओ_पल्लवी | बुधवार, सकाळी ११:००

आबांच्या भाच्याचं निरीक्षण बरोबर आहे. मला वेगापेक्षा फेकींच्या संख्येची काळजी वाटते. दहा गेम धरा, गेमला सहा पॉइंट, पॉइंटला तीन फेकी. झाल्या १८०. सीमारेषेवरचा फील्डर अख्ख्या सामन्यात पूर्ण ताकदीच्या किती फेकी करतो? आठ? दहा? त्याही मध्ये श्वास घेऊन.

बंड्याला सांगा, सगळ्या डोक्यावरून फेकू नकोस. जवळून खालून सोड. अंडरआर्म क्रिकेट खेळलेला असेल तर ते जमेलच. आणि आदल्या दिवशी सराव म्हणून शंभर फेकी मारून येऊ नये. पोरं नेमकं तेच करतात.

सट्टेबाज_नाही | बुधवार, दुपारी ३:२२

पैजांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकन टेनिसपटू बॉबी रिग्ज आठवल्याशिवाय राहवत नाही. १९३९ मध्ये विम्बल्डनला एकेरी, दुहेरी, मिश्र तिन्ही आपणच जिंकू अशी स्वतःवर पैज लावली आणि तिन्ही जिंकला. लाखभर डॉलर मिळाल्याचं तो स्वतः सांगायचा. नंतर पैजेसाठी हातात छत्री धरून खेळायचा, आपल्या बाजूला कोर्टात खुर्च्या मांडून खेळायचा, आणि तरी जिंकायचा. १९७३ मध्ये ५५ व्या वर्षी तेव्हाची अव्वल महिला खेळाडू मार्गारेट कोर्टला ६-२, ६-१ हरवलं आणि डोक्यात हवा गेली. सप्टेंबरात ह्यूस्टनमध्ये तीस हजारांवर प्रेक्षकांसमोर बिली जीन किंगने ६-४, ६-३, ६-३ असा उतरवला.

जिमी कॉनर्स त्याहून वस्ताद. १९९२, लास वेगास, समोर मार्टिना नवरातिलोवा. त्याला एकच सर्व्हिस, तिला दुहेरीच्या पट्ट्यांचा निम्मा भाग जास्त. ७-५, ६-२ जिंकला. पुढे आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की आपण आठपेक्षा कमी गेम गमावू यावर त्याने दहा लाख डॉलर लावले होते. मोजा. पाच अधिक दोन. सात!

बेसलाइनवाला | बुधवार, दुपारी ३:४०

धाग्याचा काश्मीर करू नका, विषय भरकटतोय. आणि यातल्या प्रत्येकाच्या हातात रॅकेट होती, हे माझ्याच बाजूचं.

सट्टेबाज_नाही | बुधवार, दुपारी ३:४४

माझा मुद्दा वेगळाय. ज्याने अटी ठरवल्या तो जिंकतो. इथे अटी कोणी ठरवल्या?

चिंचेचा_कोळ | बुधवार, रात्री ९:३०

अटी टपरीवाल्याने लिहिल्या, बिलाच्या मागे. दोन सेकंद काकांनीच सुचवले. बंड्या तीन म्हणत होता.

मालूताईंचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. "रिंग टेनिस? हं," एवढंच म्हणाले. पण मग चष्मा काढून फोन स्वतःच्या हातात घेतला आणि परत वाचला.

गल्लीतला_सचिन | गुरुवार, रात्री ८:१५

सगळे बंड्याच्या खांद्याचं बोलताय, हाताचं कोणी बोलेना. आबाधुबी खेळून तयार झालेला हात आहे तो. आमच्या वाडीत सात वर्षांचं पोर जिन्यात पाठ दिसली की पाठीवर चेंडूचा गोल उमटवायचं. नेम वेगळी चीज आहे. काका फोरहँडने कोपरा गाठायला दहातले सहा चेंडू आत ठेवतील, बंड्या नऊ ठेवेल. ६-३ बंड्या.

चिंचेचा_कोळ | शनिवार, रात्री १०:५०

पाऊस नाही. उद्या सात वाजता. बंड्या आज संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून फेकी मारत होता. मी मोजल्या, ७० नंतर मोजणं सोडलं.

फिजिओ_पल्लवी | शनिवार, रात्री १०:५८

तरी सांगितलं होतं.

चिंचेचा_कोळ | रविवार, दुपारी १२:३५

वृत्तांत. चहा घेऊन बसा.

तीसेक माणसं जमली होती. पंच म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी, गळ्यात शिट्टी, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. दोन सेकंदांसाठी.

पहिला पॉइंट. काकांची सर्व्हिस, बंड्याच्या डाव्या बाजूला. त्याने डाव्या हाताने झेलली, फट्ट असा आवाज झाला, आणि चेंडू उजव्या हातात घेईपर्यंत सेक्रेटरींची शिट्टी! वेळ संपली. सगळे हसले. बंड्याला तिथेच कळलं की हात बदलण्यात वेळ जातो. पुढच्या चेंडूपासून तो डाव्या बाजूचेही आडवा होऊन उजव्याने घ्यायला लागला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. काका फोरहँड मारून पुढे येत, बंड्या झेले, खांदा मागे नेई, काका मागे वळत, आणि हा चेंडू नेटच्या पलीकडे नुसता ठेवे. देवापुढे फूल ठेवावं तसा. काकांचा स्लाइस तर त्याला प्रसादासारखा. कधी काका नेटकडे धावले की डोक्यावरून. धड एक रॅली होईना. २५ मिनिटांत ४-१ बंड्या. टपरीवाल्याने वायपर आणून काकांच्या खुर्चीला टेकवून ठेवला.

काका घामाघूम. बाजू बदलताना खुर्चीत बसले, पाणी प्यायले (माठातलं नाही, बखरकर) आणि मला म्हणाले, "त्या रिंगवाल्या बाई काय म्हणाल्या होत्या? उंच?"

मग त्यांनी लॉब सुरू केले. प्रत्येक चेंडू. सर्व्हिस सोडली तर एकही फटका सरळ नाही. खोल, उंच, बेसलाइनच्या वीतभर आत. लोक ओरडायला लागले, "काका, खेळा की!" काका ढिम्म. चेंडू टप्पा पडून डोक्याच्या वर उसळे, बंड्या तीन-चार मीटर मागे जाऊन कुंपणापाशी झेले. झेल सोपा. पण झेलला तिथूनच फेकायचा! आता त्याला दर वेळी २७ मीटरची फेक, तीही नेटवरून, आणि नेटपाशी फूल ठेवायची सोय बंद. थेट झेलायला पुढे आला तर सूर्य डोळ्यांत. आमच्या कोर्टाचं तोंड पूर्व-पश्चिम आहे, बांधणाऱ्याला देव सद्बुद्धी देवो.

४-२. ४-३. सातव्या गेमनंतर फेकीची कमान दिसायला लागली. ४-४ ला बंड्याने खालून फेकायला सुरुवात केली, आणि त्या पहिल्याच चेंडूवर काकांनी पूर्ण सेटमधला सर्वात जोरदार स्मॅश मारला. तरी पोराने ५-४ केलं. स्वतःच्या सर्व्हिसवर सेट पॉइंटही मिळवला. पहिली फेक नेटमध्ये. दुसरी पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडली. ड्यूस, म्हणजे बरोबरी. तिथून काका.

७-५.

बंड्याने उजवा तळहात दाखवला. लालभडक, मधे चेंडूच्या शिवणीची वळणदार रेघ उमटलेली. खांदा वर जात नव्हता, डाव्या हाताने काकांना नमस्कार केला.

बेसलाइनवाला | रविवार, दुपारी १२:५१

काका! म्हटलं नव्हतं?

टवाळ_कार्टा | रविवार, दुपारी १२:५५

तुम्ही ६-१ म्हटलं होतं. ४-१ पर्यंत तुम्ही गुहेत होतात.

मालूताई | रविवार, दुपारी १:१०

काकांना म्हणावं गुरुदक्षिणा राहिली. बेसलाइनवाले, करंगळी बघायला कधी येताय?

अर्धवट_पदार्थवैज्ञानिक | रविवार, दुपारी २:३०

मूळ प्रश्नाकडे येतो. मी फक्त बेसलाइनवरून गणित केलं. खेळाडूला बेसलाइनच्या मागे ढकललं तर काय, हे मांडलंच नाही. नापास. पण लक्षात घ्या, त्याला हरवलं ते रॅकेटच्या जोराने नव्हे. "झेलला तिथूनच" या अटीने हरवलं. तीन पावलं पुढे यायची मुभा असती तर लॉबचा काही उपयोग नव्हता.

सट्टेबाज_नाही | रविवार, दुपारी २:४१

ती अट कोणी घातली होती हो?

चिंचेचा_कोळ | रविवार, दुपारी ३:०५

आत्ता टपरीवर जाऊन बिल काढून पाहिलं. तेवढी ओळ काकांच्या अक्षरात आहे.

बंड्या_०७ | रविवार, सायंकाळी ६:२०

मीच तो बंड्या. हे लिहायला खातं काढलं, डाव्या हाताने टाईप करतोय, चुका पोटात घाला. ५-४ ला दुसरी सर्व्हिस पट्टीला लागून पलीकडे पडली होती. लेट होती, म्हणजे पुन्हा टाकायला मिळायला हवी होती. सेक्रेटरी काकांचं लक्ष स्टॉपवॉचकडे होतं.

बाकी काका भारी खेळले. दिवाळीनंतर पुन्हा. तोवर डावा हात तयार करतो.

मालूताई | रविवार, सायंकाळी ६:३२

बाळा, डावा हात तयार करायचाच तर भिंतीवर नको, रिंग घे. आणि खांद्याला बर्फ लाव, तेल नको.

फिजिओ_पल्लवी | रविवार, सायंकाळी ६:४०

+१. आणि वायपर डाव्या हाताने मार निदान दोन आठवडे.

चिंचेचा_कोळ | सोमवार, सकाळी ५:५२

रात्रभर कोसळला. बेसलाइनवर घोटाभर पाणी. बंड्या आलाय, डाव्या हाताने वायपर मारतोय. काका छत्री धरून कुंपणाशी उभे आहेत आणि "खोल जाऊ दे, खोल" म्हणून सूचना देताहेत.